आवाज येतो, चित्र येत नाही

“आज तरी तोंड दिसते का त्याचं?” आईने दारातून विचारलं.

मी मान वर केली नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर जुनी चादर अंथरून मी लॅपटॉप उघडून बसले होते. काढलेले स्क्रू मसाल्याच्या रिकाम्या डब्यात, मापाप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले होते. त्यातल्या पंख्याच्या पात्यांमागे धूळ साचून घोंगडीच्या तुकड्यासारखी घट्ट झाली होती, ती मी टूथब्रशने खरवडून काढत होते. मे महिना, भुसावळ, आणि भर दुपार. कूलर लावला तर धूळ उडून पुन्हा आत बसेल म्हणून तोही बंद. घामाचा थेंब आत पडू नये म्हणून मी गळ्याभोवती पंचा गुंडाळला होता.

“ऐकलं का व? आज दिसते का?”

मी वर बघितलं आणि ओठ नीट हलवत म्हणाले, “बघू. करतेय.”

आईशी असंच बोलावं लागे. तिचे कान गेले होते. कानाचं मशीन आणलं होतं, पण त्यात शिट्टी वाजते म्हणून तिने ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं आणि माणसाच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. पुढे पुढे इतकी तरबेज झाली की समोरचा काय बोलतो एवढंच नव्हे, काय बोलायचं टाळतो तेही तिला कळायचं. मी शिकवायचे त्या शाळेत माझं कुणाशी बिनसलेलं असलं, तर मी चप्पल काढायच्या आत विचारायची, “कोण बोललं तुले?” फोन मात्र तिच्या काही कामाचा नव्हता. हर्षलचा फोन आला की रिसीव्हर कानाला लावून दोनदा “हां, हां” म्हणायची आणि माझ्या हातात द्यायची.

हर्षल माझा धाकटा भाऊ. कॅनडात नोकरीला. जाताना तो आपला कॉलेजातला लॅपटॉप घरी ठेवून गेला होता. “आईला मी दिसायला पाहिजे,” म्हणाला होता. दर रविवारी संध्याकाळी, त्याच्या तिकडच्या सकाळी, तो व्हिडिओ कॉल करायचा. चित्र थोडं अडखळत यायचं, तरी आईला पुरायचं. ती इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून समोर बसायची. तो काय बोलला ते मला सांगावंच लागायचं नाही. “बारीक झाला रे तू,” “डोळे कायले सुजले, झोपला नाही का,” असं तिचं आपलं थेट चालायचं. वडील गेले त्या वर्षी तर त्या रविवारांवरच ती उभी राहिली. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते.

लॅपटॉप तेव्हाच जुना होता. वजनाला पाट्याएवढा. बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे लोडशेडिंग झालं की चालू बोलणं तिथेच तुटायचं. चार्जरची वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागायचा, म्हणून ती मी रबरबँडने बांधून टाकली होती. बिजागरी सैल झाल्यामुळे स्क्रीनला मागून पितळी डब्याचा टेकू. तरी तो चालत होता.

मी पंखा खरवडत बसले होते त्या वर्षीच्या फेब्रुवारीत हर्षलचं चित्र यायचं बंद झालं. आवाज यायचा, स्क्रीनवर काळा चौकोन. त्याला आम्ही दोघी दिसायचो, तो आम्हाला दिसायचा नाही.

“तुमच्याकडचा लॅपटॉप व्हिडिओ ओढत नाही, ताई,” तो म्हणाला. “जुना झालाय.”

मला वाटलं, सोपं काम असेल. आधी मी नको त्या सगळ्या फाइली पुसल्या. मग ब्रॉडबँडवाल्याला बोलावलं. त्याने अंगणातली वायर बदलली, काही फरक नाही. मग विंडोज नव्याने टाकून घेतलं. मग मेमरीची जादा पट्टी. दर वेळी मी हर्षलला सांगायची, हे करून बघितलं, ते करून बघितलं, आणि तो म्हणायचा, “मग ड्रायव्हर असेल,” “मग गरम होत असेल,” “मग राहू दे ना ताई.” गरम तर तो व्हायचाच. मग पंखा साफ करणं आलं, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून नवी लावणं आलं. हे सगळं मी जामनेर रोडवरच्या इरफान पिंजारींच्या दुकानात बघून बघून शिकले. दर आठवड्याला तो जड धोंडा रिक्षात घालून त्यांच्याकडे न्यायला मला जमत नव्हतं.

शाळेला सुट्टी लागली होती, पण पहिलीत येणारी मुलं शोधायला सकाळपासून गावात दारोदार फिरावं लागायचं. उन्हातून घरी यायचं, भाकरी टाकायची, आणि मग फरशीवर बसून स्क्रू काढायचे. आणि संध्याकाळी पुन्हा काळा चौकोन. आई समोर बसायची, काळ्या चौकोनाकडे बघायची, मी तिच्याकडे वळून त्याचं प्रत्येक वाक्य ओठांनी पुन्हा म्हणायची. “तो म्हणतोय, बर्फ वितळलाय.” “तो म्हणतोय, तब्येत बरी आहे.” आई मान हलवायची. पूर्वी अर्धा-पाऊण तास बसायची, आता लगेच उठायची. एकदा म्हणाली, “तू सांगते ते समजते मले. पण ते तुह्यं तोंड आहे.”

त्या आठवड्यात इरफानभाईंनी लॅपटॉप उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, “मॅडम, याला आता माती द्या.”

“एवढं चित्र येऊ दे. मग देते.”

ते हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, “एक करा. रविवारी इथे या. माझ्या नव्या लॅपटॉपवरून भावाला कॉल लावा. चित्र आलं, तर तुमचं मशीन खराब. पक्कं कळेल. मग नवा घ्यायचा की नाही ते ठरवा.”

तर तो हाच रविवार. दुपारी मी शेवटचा प्रयत्न म्हणून पंखा पुन्हा साफ केला, झाकण लावलं, चालू करून बघितला. चालू झाला. पण माझा आता त्याच्यावर विश्वास उरला नव्हता. संध्याकाळी आई साडी बदलून, डब्याच्या टेकूला टेकलेल्या स्क्रीनसमोर येऊन बसली, तेव्हा मी तिला म्हणाले, “एक पार्ट आणते दुकानातून. बस तू.”

“लवकर ये. त्याची वेळ झाली.”

इरफानभाई एकटेच होते. काउंटरवर कुणाचा तरी प्रिंटर उघडून बसले होते. त्यांनी आपला लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि हेडफोन दिले. मी आमचंच खातं उघडलं, पण मी दुकानात आहे हे हर्षलला दिसू नये म्हणून कॅमेरा बंद ठेवला. थोड्याच वेळात हर्षलचा कॉल आला.

चकचकीत, मोठी स्क्रीन. तिच्या मधोमध तसाच काळा चौकोन.

“ताई? आवाज येतोय ना?”

“येतोय. चित्र नाही.”

“मी म्हटलं होतं तुला. त्याचं ग्राफिक्सच गेलंय. त्या डबड्यात किती जीव घालणार आहेस तू? सोड आता. आई कुठे आहे? आणि तुझा कॅमेरा का बंद आहे?”

“तोही गेला वाटतं,” मी म्हणाले. काउंटरवर खोटं बोलायला मला काही त्रास झाला नाही, हे आठवतं.

इरफानभाईंनी वाकून स्क्रीनकडे बघितलं. चौकोनाच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचं एक बारीक चिन्ह होतं, त्यावर आडवी रेघ. त्यावर बोट ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, “हे समोरून बंद केलेलं आहे.” मग माझ्या तोंडाकडे एकदा बघून त्यांनी प्रिंटर उचलला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

हर्षल बोलत होता. तिकडे आता छान ऊन पडतंय, सकाळी फिरायला जातो, असं काहीतरी. आमच्या लॅपटॉपचा स्पीकर फाटका होता, त्यातून त्याचाच आवाज कसाबसा यायचा. हेडफोनमधून त्याच्या मागचं सगळं ऐकू येत होतं. एक पंखा कुरकुरत होता. कुठेतरी बादली भरत होती. आणि मग खालच्या रस्त्यावरून एक माणूस ओरडत गेला, “मेथीऽऽ, कोथिंबीर, कांद्याची पातऽऽ.”

“हर्षल,” मी म्हणाले, “कुठे आहेस तू?”

“म्हणजे? घरी.”

“खाली मेथी विकायला आलीय.”

बादली भरून वाहायला लागली. कुणीतरी नळ बंद केला. मग काळा चौकोन गेला आणि तो दिसला.

मी त्याला बहुधा रस्त्यात ओळखलं नसतं. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, बनियन घामाने चिकटलेला. मागे नायलॉनच्या दोरीवर तीन-चार जणांचे टॉवेल. भिंतीला टेकवून ठेवलेल्या गाद्या.

“पुण्यात आहे,” तो म्हणाला. “कात्रजला. फेब्रुवारीपासून.”

दिवाळीआधी त्याच्या कंपनीने त्याचा अख्खा विभागच बंद केला होता. तिकडे दुसरी नोकरी मिळेल म्हणून तो थांबला, थांबता येईल तेवढं थांबला, मग परत आला. मुंबईत उतरला आणि भुसावळच्या गाडीत बसण्याऐवजी पुण्याच्या बसमध्ये बसला. आता मुलाखती देत फिरत होता.

“काहीतरी लागेलच. लागलं की सांगणार होतो.”

मला राग यायला हवा होता. आला, पण उशिरा. आधी नुसता थकवाच आला. वाटलं, त्या काउंटरवर डोकं टेकून झोपावं.

“मी तो लॅपटॉप किती वेळा उघडला, माहीत आहे तुला?” मी म्हणाले. “वायर बदलली, विंडोज टाकलं, मेमरी टाकली. दर वेळी तुला सांगत होते. आणि तू मला ‘ड्रायव्हर बघ’ म्हणत होतास.”

“मला वाटायचं, तू कंटाळून सोडून देशील.”

“आई दर रविवारी साडी बदलून त्या काळ्या चौकोनासमोर बसते, हर्षल. तिला ऐकू येत नाही. तुझं तोंड दिसलं तरच तिला तू भेटतोस.”

“म्हणूनच ना!” तो एकदम मोठ्याने म्हणाला, आणि मग खोलीत आणखी कुणी असावं, तसा आवाज उतरवला. “ताई, तिला खोटं ऐकवता येतं. दाखवता येत नाही. कॅमेरा चालू केला असता, तर पहिल्या मिनिटाला तिने ओळखलं असतं.”

“मग ओळखू द्यायचं होतंस.”

“आणि पुन्हा तेच? तू आलीस तेव्हाचं?”

मला कळलं नाही. लग्न मोडून मी माहेरी आले, त्याला बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती. आमच्या घरात त्यावर कुणी कधी बोलत नसे. मला वाटायचं, बोलण्यासारखं काही उरलंच नाही.

“काय झालं होतं मी आले तेव्हा?”

“राहू दे ना ताई,” तो म्हणाला. मी पुन्हा विचारलं.

“तू शाळेत जायचीस. मी घरी असायचो,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका मिळून वाळवणाच्या बिबड्या करायच्या, आठवतं? त्या वर्षी तुझ्यावरून कुणीतरी काहीतरी बोललं. आई हातातलं तसंच टाकून उठली, घरात आली, दार लावलं. मी आतच होतो. दुपारभर भिंतीला पाठ लावून बसली होती. त्यानंतर ती त्यांच्यात कधी गेली नाही. एकटीच करायची. मला म्हणाली, हेमले सांगू नको.”

मी, हेमलता, इतकी वर्षं समजत होते की ऐकू येत नाही म्हणून आई बायकांत बसत नाही. आणि कान तर नंतर गेले होते. त्याचा हिशेब मी कधी लावलाच नव्हता.

“मला दुसऱ्यांदा तिला तसं बसवायचं नव्हतं,” तो म्हणाला. “मी गेलो तेव्हा तिने गल्लीभर पेढे वाटलेत, ताई.”

“तुझा कॉल चालू ठेव,” मी म्हणाले. मग विचार बदलला. “नाही, बंद कर. मी घरी जाते आणि लावते. कॅमेरा चालू ठेवशील?”

त्याने नुसता कॉल बंद केला. पण नाही असंही म्हणाला नाही.

इरफानभाई पायरीवर प्रिंटरचा कागद अडकलेला भाग साफ करत होते. मी बाहेर आले, तर मान वर न करता म्हणाले, “तुमचं मशीन ठीक आहे, मॅडम.”

“हो,” मी म्हणाले.

घरी आई तशीच बसलेली होती. मला बघून म्हणाली, “मिळाला का पार्ट?” आणि मग तिने माझं तोंड नीट बघितलं आणि पुढचं काही विचारलं नाही. वाट बघत राहिली.

मी खुर्ची ओढून तिच्या समोर बसले. आईला काही सांगायचं तर सवयीने आम्ही मोठ्याने बोलायचो, आणि आमची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून. म्हणून मी आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले.

मी आले तेव्हा तुला लाज वाटली होती का?

आईने ते वाचलं. तिला हळू बोलणं जमत नसे, स्वतःचा आवाज तिला कळायचा नाही. तिने नेहमीच्याच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं.

“वाटली. थोडे दिवस वाटली. मग?”

ती तशीच पुढे बोलत राहिली.

“पोरगी अर्धी होऊन आली होती. तुले जेवू घालू का लाज धरून बसू? हे कोणी सांगितलं तुले? हर्षलनं?” आणि मग, माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तिचा हात पदराकडे गेला. “त्याले काय झालं?”

मी पुन्हा आवाज न काढता सांगितलं. बरा आहे. नोकरी गेली. फेब्रुवारीपासून पुण्यात आहे. तुला कळू नये म्हणून तोंड दाखवत नव्हता. लॅपटॉपला काही झालेलं नव्हतं.

“पुण्यात?” आई ओरडली. शेजारच्या खिडकीत भांडी वाजायची थांबली. “पुण्यात जेवते काय तो?”

“ते मी नाही विचारलं,” मी मोठ्याने म्हणाले. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता.

“लाव त्याले.”

मी कॉल लावला. रबरबँड घट्ट केला, स्क्रीनला टेकू नीट लावला. पंखा गरगरत होता. थोडा वेळ काळा चौकोन होता, तेवढ्यात मला वाटलं, नाही करणार हा चालू. मग तो दिसला. त्याने मधल्या वेळात शर्ट घातला होता.

आई पुढे झुकली. चष्मा पदराने पुसून पुन्हा लावला. खूप वेळ नुसतं बघत राहिली. हर्षलला ते सहन होईना. तो बोलायला लागला.

“आई, माझं चुकलं. मला सांगायचं होतं, पण आधी वाटलं की...”

आईने डोळे मिटून घेतले.

तो घाबरला. “ताई, आईला काय झालं? चक्कर आली का? ताई!”

“काही झालं नाही,” मी म्हणाले. “तिला हे ऐकायचं नाहीये.”

तो थांबला. तोंड पुसलं. बराच वेळ त्याच्या मागच्या पंख्याचा आणि आमच्या लॅपटॉपच्या पंख्याचा असा दोन्हीकडचा आवाज येत होता. मग आईने डोळे उघडले.

“झालं तुह्यं?” तिने विचारलं. “आता सांग, कोणत्या गाडीनं येतो?”

आठवडाभरात हर्षल आला. त्याला नोकरी लागायला पुढे वर्षाहून जास्त काळ गेला, आणि तो काळ चांगला गेला असं मी म्हणणार नाही. तो दिवस दिवस खोलीचं दार लोटून बसायचा. माझी आणि त्याची भांडणं झाली, घरात कुणाचं चालतं यावरूनसुद्धा. आता तो नाशिकला असतो, त्याचं बरं चाललंय. आईला जाऊन तीन वर्षं झाली.

पण तो आला त्या सकाळचं मला सांगायचंय. आई अंगणात पाणी मारत होती. आतल्या खोलीत हर्षल बॅग उघडत होता, मी चहा टाकला होता. फाटकाशी शेजारच्या बेंडाळेकाकू येऊन उभ्या राहिल्या. काय चाललंय ते त्यांना सगळं माहीत होतं. त्या रविवारी भांडी घासता घासता त्याच थांबल्या होत्या. तरी हसून, आईला दिसेल असे ओठ करून त्यांनी विचारलं, “हर्षल आला वाटतं? सुट्टीवर का?”

खोलीतला आवाज बंद झाला. हर्षल हातात घडी केलेला शर्ट धरून तसाच उभा होता. माझाही हात थांबला.

“नाही,” आई म्हणाली. तिचा आवाज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत सहज गेला असेल. “नोकरी गेली त्याची. घरी आलाय. राहील आता इथं.”

आईने बादलीतलं उरलेलं पाणी तुळशीच्या बाजूला ओतलं आणि बादली पालथी घातली. हर्षल खोलीतून बाहेर आला, मला ओलांडून अंगणात गेला, आणि काकूंच्या समोर, आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. “काकू, बऱ्या आहात?” त्याने विचारलं.

मी आणखी एक कप चहाचं पाणी वाढवलं.